कुलूप, किल्ली आणि वहीतली नावे



लहान व्यापाऱ्याने आपली पत्रे व वह्या कोणत्या कुलपात ठेवाव्यात, हा विषय हमालांच्या आणि जिनिंग-कामगारांच्या एका कार्यकर्त्याने का घ्यावा, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. आमचे शालेय शिक्षण सातवीत थांबले. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, एस. टी. च्या प्रवासात आणि मजूर-कार्यालयाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा पांडित्याचा दावा आमच्याकडून होणार नाही. परंतु तीस वर्षे व्यापाऱ्याच्या वहीत ज्यांची नावे लिहिली जातात त्यांच्यात आम्ही वावरलो आहोत. आणि वहीला कुलूप असते तेव्हा काय होते व नसते तेव्हा काय होते, हे वही बाळगणाऱ्यापेक्षा वहीतल्या माणसाला अधिक चटका देऊन कळते.

प्रथम वाटूर फाट्यावर चला. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा फाटा आपण सर्वांनी पाहिला आहे. बसगाड्या, बी-बियाण्यांची व खतांची दुकाने, हॉटेले, आणि त्यांच्या मधोमध झेरॉक्स व ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने. अशा दुकानातल्या संगणकावर आज किती घरांची आधारपत्रे, सातबारे, बँकेची पासबुके आणि पोरांच्या गुणपत्रिका पडलेल्या असतील याची कल्पना करा. माणूस येतो, फोनवरून कागद पाठवतो, छापील प्रत घेतो, दहा रुपये देतो आणि निघून जातो. कागद मात्र जात नाही. तो तिथेच राहतो. पूर्वी गावातल्या कुळांची कागदपत्रे पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात असत, ती निदान रुमालात बांधून गाठ मारलेली असत!

गुप्त लेखन ही काही परदेशातून आलेली विद्या नव्हे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक बोलणे-लिहिणे ही एक कला सांगितली आहे. पण आपण ग्रंथांपेक्षा बाजारातून आरंभ करू, कारण बाजार आपल्या ओळखीचा आहे.

बैलबाजारात रुमालाखाली होणारा सौदा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. काही ठिकाणी तो अजूनही दिसतो. दलाल व गिऱ्हाईक हातावर उपरणे टाकतात, खाली एकमेकांची बोटे धरतात, आणि किंमत बोटांवर ठरते. धरलेली बोटे आकडा सांगतात. तो आकडा शेकड्याचा की हजाराचा, हे दोघांना जनावराकडे पाहूनच ठाऊक असते. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी पन्नासांपैकी एकालाही काही कळत नाही. कूटलेखनाच्या दृष्टीने हा नमुना उत्तमच म्हटला पाहिजे. परंतु हीच रीत जेव्हा कापसाच्या व धान्याच्या बाजारात चाले, तेव्हा बोटे धरणारे दोघे म्हणजे अडत्या आणि खरेदीदार असत, आणि ज्याचा माल तो शेतकरी उपरण्याबाहेर तोंडाकडे पाहत उभा असे. आपल्याच कापसाचा भाव त्याला सर्वांत शेवटी कळे. या रोगावर इलाज म्हणून बाजाराचे कायदे आले. वऱ्हाडात १८९७ साली, आमच्या निजामी मुलखात १९३० साली, आणि पुढे महाराष्ट्राचा कायदा १९६३ साली. लिलाव उघड बोलीने व्हावा, हे त्यांतले मुख्य तत्त्व. म्हणजे येथे गुप्तता मोडणे हीच सुधारणा ठरली.

कुलूप चांगले की वाईट हे कुलपाकडे पाहून सांगता येत नाही. गुपित कोणाचे आणि ते कोणापासून राखले जात आहे, हे आधी विचारावे लागते. व्यापाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न हाच करतो, आणि पुष्कळांना तो आवडत नाही.

आता हुंडीकडे वळू. ती आमच्या मते आपल्याकडील व्यापारी बुद्धीची फार मोठी निर्मिती होय. जालन्याच्या पेढीवर रोकड द्यावी आणि हुंडी दाखवून दूरच्या शहरात ती उचलावी, ही सोय रस्त्यावरच्या लुटारूंना चकवण्यासाठी निघाली. पण कागद चोरीस गेला तर? त्यावर खाडाखोड झाली तर? येथे आमच्या सराफांनी जे केले ते पाहून आजच्या संगणकशास्त्र्यानेही मान डोलवावी. रक्कम एकदा आकड्यांत, एकदा अक्षरांत लिहीत; मग तिची निमी रक्कम लिहून ‘त्याची दुप्पट’ असे पुन्हा लिहीत. एकाचे दोन करणाऱ्या भामट्याला एका जागी नव्हे, चारही जागी मेळ घालावा लागे. शिवाय हुंडी लिहिल्याची सूचना देणारे पत्र वेगळ्या टपालाने पेढीवर आगाऊ जाई. शाहाजोग हुंडी कोणाही आलतू-फालतूस मिळत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच तिचे पैसे मिळत. हुंडी हरवली तर पैठ, पैठही हरवली तर परपैठ, आणि तीही गेली तर मेजरनामा. अशी प्रतीवर प्रत मिळण्याची सोय होती. पैसे चुकते झाले की ती हुंडी ‘खोखा’ झाली, म्हणजे रिकामी झाली.

हुंडीतला मजकूर गुप्त नव्हता, ही गोष्ट ध्यानात घ्या. तो कोणालाही वाचता येई. तिची सारी शक्ती मजकूर बदलता येऊ नये आणि पैसे भलत्याला मिळू नयेत यात होती. आज ज्याला डिजिटल सही म्हणतात, तिचे कामही हेच. आमच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली, आणि आता बोटाएवढी एक चिप संगणकाला लावून व्यापारी विवरणपत्रांवर सही करतो. निदान त्याने ती करावी अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती चिप करसल्लागाराच्या खणात असते आणि तिचा परवलीचा आकडा तिच्याच पाठीवर चिकटपट्टीने चिकटवलेला असतो! कोऱ्या हुंडीवर सही करून ती दुसऱ्याच्या खणात ठेवणारा सावकार जुन्या काळी एका हंगामात दिवाळखोर झाला असता.

मारवाडी पेढ्यांवर मुडिया लिपी चाले. तीत काना-मात्रा जवळजवळ नसतच. लिहिणे झपाट्याने होई आणि परक्याला वाचणे कठीण जाई, असा दुहेरी फायदा होता. पण याच लिपीबद्दलची एक गोष्ट पेढ्यांवरच हसत-हसत सांगतात. मुनिमाने घरी लिहिले की बाबूजी अजमेरला गेले, मोठी वही पाठवून द्या. काना-मात्रा नसल्याने घरच्यांनी वाचले की बाबूजी आज मरून गेले, मोठ्या सुनेला पाठवून द्या. आणि घरात रडारड झाली. गोष्ट खरी की रचलेली हे बाजूला ठेवा. शत्रूला न कळणारे पत्र मित्रालाही कळले नाही, तर त्या गुप्ततेचा उपयोग काय? कुलूप लावून पासवर्ड विसरणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत. हिशेबाच्या टॅली या प्रणालीत ‘टॅलीव्हॉल्ट’ नावाचे कुलूप आहे. ते लावून पासवर्ड हरवला, तर कंपनीसुद्धा तो परत काढून देत नाही. कुलूप खरे असण्याची ती खूणच आहे. पण मार्चअखेरीस हे वाक्य ऐकून कोणाचेही समाधान होत नाही.

याहून विस्ताराने सांगावी अशी हकीकत महानुभाव पंथाची आहे. चक्रधरस्वामींचा संचार याच गोदाकाठच्या मुलखात झाला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले आणि मराठी गद्याचा पाया घातला गेला. पुढे चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी ‘सकळ लिपी’ योजली, असे परंपरा सांगते. तिच्यामागून सुंदरी, अंक अशा आणखीही लिप्या निघाल्या. युक्ती साधी होती: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर वा चिन्ह लिहावयाचे. ज्याला तो तक्ता ठाऊक त्याने वाचावे, इतरांनी पोथीला नुसता नमस्कार करावा. शतकानुशतके हे कुलूप टिकले. मराठीचे आद्य गद्य मराठी माणसाच्याच दृष्टीआड राहिले आणि पंथाविषयी बाहेर वाटेल ते गैरसमज पसरले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी या लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे मांडली, पंथातील महंतांनीही हळूहळू दारे उघडली, आणि एकच तक्ता हाती येताच त्या लिपीतल्या साऱ्या पोथ्या वाचता येऊ लागल्या.

येथे थोडे थांबले पाहिजे. ती लिपी फार भक्कम होती म्हणून टिकली नाही; तिच्यावर बुद्धी खर्च करणारा कोणी आला नाही म्हणून टिकली. बगदादच्या अल-किंदी नावाच्या पंडिताने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते की, कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजत गेले म्हणजे असल्या लिपीचे गुपित आपोआप उलगडते. दुसरे असे की, सर्व पोथ्यांना किल्ली एकच होती. एक किल्ली गेली की सारी कोठारे उघडी! १८८३ साली केर्कहोफ्स नावाच्या, जन्माने डच परंतु फ्रान्समध्ये शिक्षक असलेल्या गृहस्थाने लष्करी कूटलेखनावर निबंध लिहिला. त्याचे सांगणे असे की, तुमची यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली, आणि ती सहज बदलता यावी. आमच्या लोहाराला हे न सांगताच कळते. कुलूप कसे बनते ते तो साऱ्या गावासमोर भात्यापुढे बसून दाखवतो, आणि तरीही तुमच्या घराचे कुलूप शेजाऱ्याच्या किल्लीने उघडत नाही.

इंग्रजी अमलात टपाल व तार आली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. ते स्वस्त होते म्हणून खेड्यापाड्यांत गेले, आणि उघडे असल्यामुळे पोस्टमनच ते वाचून दाखवू लागला. ज्या घरात अक्षरओळख नव्हती तेथे ती मोठीच सोय होती. पण ‘सोयरिकीचे मोडले’ हेही ओट्यावर बसलेल्या दहा जणांसमोर कळे. तारेचा मजकूर तारमास्तर वाचणारच. म्हणून मोठे कापूस-व्यापारी सांकेतिक शब्दांची जाडजूड पुस्तके बाळगत. १८७३ चे ‘ए. बी. सी.’ आणि १९०६ चे ‘बेंटली’ ही त्यांतली नावाजलेली. एका अर्थशून्य शब्दात एक सबंध वाक्य बसवलेले असे. तारेचे पैसे वाचत व भावही झाकला जाई. मात्र पुस्तक बाजारात विकत मिळत असल्यामुळे ही गुप्तता तारमास्तरापुरतीच होती. आपल्याकडील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

ई-मेल आली तेव्हा आम्हांला वाटले की पोस्टकार्ड जाऊन पाकीट आले. तो आमचा भ्रम होता, आणि त्याची किंमत आम्ही दिली नाही, दुसऱ्यांनी दिली.

२०१४ च्या हंगामातली गोष्ट. परिसरातल्या एका जिनिंग कारखान्यात आम्ही संघटना बांधत होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. तेवीस जणांनी सह्या दिल्या. त्यांची नावे, पत्ते, कामाचे स्वरूप अशी यादी करून जालन्याच्या वकिलांकडे नोंदणीच्या अर्जासाठी पाठवावयाची होती. आमच्याकडे संगणक नव्हता. एका दुकानात बसून यादी टंकून घेतली आणि दुकानदाराच्याच ई-मेलवरून पाठवली. फाइल त्या संगणकाच्या पडद्यावर तशीच राहिली. फाइलचे नावही आम्हीच मोठ्या अभिमानाने ‘युनियन यादी’ असे ठेवले होते. त्याच कारखान्याचा माणूस दुसऱ्या दिवशी पावत्या छापण्यासाठी तेथे गेला. आठ दिवसांत पाच जणांना ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्यात आले. त्यांतल्या एकाच्या घरी दोन महिन्यांवर लग्न होते. दुकानदाराने मुद्दाम काही केले असे आम्ही मानत नाही. गाफील राहिलो ते आम्ही. पाचांपैकी तिघांना पुढे दुसरीकडे काम मिळाले, दोघे ऊसतोडीला गेले, आणि ती संघटना त्या हंगामात झालीच नाही.

या विषयाचा अभ्यास आम्ही तेव्हापासून सुरू केला. रात्री वाचत बसलो; समजले नाही ते पुन्हा वाचले.

जुन्या साऱ्या कुलपांत एक अडचण होती. किल्ली दोघांकडे हवी, मग ती दुसऱ्याकडे पोहोचवावयाची कशी? किल्ली पाठवण्याची सुरक्षित वाट असेल तर पत्रच त्या वाटेने का पाठवू नये? १९७६ साली अमेरिकेत डिफी व हेलमन या दोघांनी आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी हा पेच सोडवला. देवळातली दानपेटी डोळ्यांपुढे आणा. फट सर्वांसाठी उघडी. येईल त्याने टाकावे. काढावयाचे मात्र ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यानेच. प्रत्येकाला अशी स्वतःची पेटी मिळाली. फट जाहीर करा, किल्ली कमरेला ठेवा. फक्त ही पेटी खरोखर त्याच देवळाची आहे ना, कोणी भामट्याने वाटेत आपली पेटी मांडलेली नाही ना, एवढे मात्र फोनवरून खुणेचे आकडे जुळवून पाहावे लागते. १९९१ मध्ये फिलिप झिमरमन याने ही विद्या ‘पी. जी. पी.’ या नावाने सामान्य माणसाच्या हाती दिली, तर त्याच्याच सरकारने त्याच्यामागे चौकशी लावली. ती १९९६ मध्ये सोडून देण्यात आली. आपल्याकडेही २०१५ च्या सप्टेंबरात सरकारने एका धोरणाचा मसुदा काढला होता. त्यात नागरिकांनी आपला साधा मजकूर नव्वद दिवस जपून ठेवावा असे कलम होते. एवढा गहजब झाला की तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. तथापि २००० च्या कायद्यातील कलम ६९ आहेच. त्यानुसार सरकार कुलूप उघडून मागू शकते आणि नकार देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यापाऱ्याने हे जाणून असावे.

फाइलींच्या कुलपाची कथाही बोधप्रद आहे. १९७७ चे अमेरिकन ‘डेस’ हे कुलूप बँकांनी वर्षानुवर्षे वापरले. त्याची किल्ली आखूड होती, आणि १९९८ मध्ये एका संस्थेने खास यंत्र बांधून ते तीन दिवसांच्या आत फोडून दाखवले. मग नवे कुलूप निवडण्यासाठी जगभर जाहीर स्पर्धा झाली. पंधरा रचना आल्या; सर्वांनी सर्वांच्या रचना फोडण्याचा प्रयत्न केला; आणि डेमन व राइमन या दोघा बेल्जियन तरुणांची रचना २००१ मध्ये ‘एईएस’ म्हणून प्रमाण ठरली. उघड बोलीचा लिलाव तो हाच! आमचे कुलूप कसे बनवले हे गुपित आहे असे जो विक्रेता सांगतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आता दुकानदार विचारतो, घ्यावे तरी काय? जालना जिल्ह्यातल्या बियाणे-विक्रेत्याला वा ठेकेदाराला फार पैसे खर्चण्याचे कारण नाही. विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीत ‘बिटलॉकर’ असतो, तो सबंध डिस्कला कुलूप लावतो; संगणक चोरीस गेला तर लोखंड जाईल, वही जाणार नाही. नसेल तेथे ‘व्हेराक्रिप्ट’ फुकट मिळते आणि त्याची घडण सर्वांना तपासता येते. एखादीच फाइल पाठवावयाची असेल तर ‘सेव्हन-झिप’ मध्ये एईएसचे कुलूप आहे. मात्र पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये लिहू नये. हुंडी एका टपालाने आणि सूचनेचे पत्र दुसऱ्या टपालाने, ही सराफांची रीत येथे उपयोगी पडते. एक्सेलमधले ‘शीट प्रोटेक्ट’ हे कुलूप नव्हे, ती नुसती कडी आहे. बाहेरचा माणूस ती काढतो. पत्रांसाठी ‘थंडरबर्ड’ मध्ये २०२० पासून पी. जी. पी. ची सोय आतच आली आहे. समोरच्याकडेही पेटी असली पाहिजे, एवढीच अट. नेहमीच्या ई-मेलचा मजकूर आज बहुधा वाटेत झाकलेला असतो, पण तो झाकणारी कंपनीच किल्ली बाळगते. व्हॉट्सॲपचा संदेश २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत बंद असतो खरा. पण दोन्ही टोकांना तो उघडाच पडतो, आणि एक टोक झेरॉक्सच्या दुकानात असते.

आणि पासवर्ड! आधारची फाइल नावाची पहिली चार अक्षरे व जन्माचे वर्ष घालून उघडते. ही किल्ली आपल्या गावात कोणाजवळ नाही ते सांगा.

एका ठेकेदाराने आम्हांला स्पष्ट विचारले, “माझ्या धंद्यात चोरावे असे आहे तरी काय?” आम्ही त्याला त्याचीच पगारपत्रकाची फाइल उघडावयास सांगितली. चाळीस माणसे, चाळीस आधार क्रमांक, चाळीस बँक-खाती, भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक, पत्ते, बायका-मुलांची नावे. त्याचे स्वतःचे नाव तीत फक्त वर एका ओळीत होते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले, आणि हयगयीला अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे ऐकून तो सावरून बसला. आम्हांला मात्र तो त्या चाळीस ओळींकडे पाहून सावरला असता तर अधिक बरे वाटले असते. असो, कुलूप लावले, हे महत्त्वाचे.

आमच्या संघटनेकडे आता एक जुना लॅपटॉप आहे. सभासदांची यादी त्यातच असते, दुकानात नेली जात नाही. डिस्कला कुलूप आहे, आणि दुसरी प्रत कुलूपबंद पेन ड्राइव्हवर वेगळ्या गावी असते. पासवर्ड म्हणून सहा साधे मराठी शब्द घेतले, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे. ते ठरवताना आमच्या कार्यकारिणीत एक तास वाद झाला, कारण प्रत्येकाला आपल्या बैलाचे नाव त्यात घालावयाचे होते. आम्ही काही अमर नाही, म्हणून ते शब्द कागदावर लिहून, पाकिटात घालून, लाखेची मोहोर करून दोन जणांच्या हवाली केले आहेत. एक पाकीट आमच्या खजिनदारांच्या घरी आहे. दुसरे कोठे आहे, ते या सभेत सांगत नाही.